संशयाचा गोल

आप्पांना शेवटचं भेटायला गेलो, तेव्हा मी भडंग घेऊन गेलो होतो.

ज्या माणसाचा अर्धा जबडा काढलाय, ज्याच्या नाकात नळी आहे, ज्याच्या ओठाला पाणी लागलं तरी डोळ्यांत पाणी येतं, त्याच्यासाठी लसूण घातलेलं, कुरकुरीत भडंग. पाव किलो. कुणाकडं रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढं वळण आईनं लावलं होतं. भरल्या हातात काय असावं, हे शिकवायचं बहुतेक राहून गेलं. दुकानदारानं विचारलं, "तिखट देऊ का मध्यम?" मी म्हटलं, "मध्यम द्या, पेशंटसाठी पाहिजे." त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मध्यम दिलं.

दार आप्पांच्या मुलीनं उघडलं. तिला संकेश्वरला दिलेली. बापाचं ऑपरेशन झाल्यापासून इथंच होती. तिनं पुडा हातात घेतला, वाचला, आणि माझी अब्रू राखत म्हणाली, "असू दे काका, मी खाते."

हा रविवार होता. गुरुवारी आप्पा गेले. म्हणजे त्या माणसाला मी आयुष्यात दिलेली शेवटची वस्तू पाव किलो भडंग. मध्यम.

त्यांचं नाव इराप्पा. सगळी फाउंड्री आप्पा म्हणायची. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमची फाउंड्री. 'पंचतारांकित' ऐकून माझ्या सासऱ्यांना लग्न ठरवताना जावई हॉटेलात आहे असं वाटलं होतं. मी स्टोअरला, नटबोल्ट मोजणारा. आप्पा तपासणीला. मूळचे निपाणीकडचे, तंबाखूच्या मुलखातले. घरात कानडी, बाहेर मराठी आणि चिडले की दोन्ही. मला ते 'तम्मा' म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. स्टोअरमधल्या माणसाला कारखान्यात कुणी भाऊ म्हणत नाही, बहुतेक जण 'हाय का न्हाय?' एवढंच विचारतात. त्यामुळं ते मला फार गोड लागायचं.

आप्पांचं काम ऐकायचं होतं. आमच्याकडं गाड्यांचे ब्रेक ड्रम ओततात. गार झालेला ड्रम साखळीला टांगायचा, बारक्या हातोडीनं एक टोला द्यायचा आणि कान लावायचा. धड असला तर तो घंटेसारखा वाजत राहतो. आत चीर असली तर बद्द वाजतो आणि लगेच गप्प होतो. कारखान्यात भट्टीचा, ग्राइंडरचा एवढा कालवा असायचा की आम्हाला जेवणाच्या सुट्टीचा भोंगाही ऐकू यायचा नाही, आणि आप्पा त्यात डोळे मिटून उभे. पास झालेल्या ड्रमवर पांढऱ्या खडूनं बरोबरची खूण. भंगारावर लाल फुली. आणि तिसरी खूण त्यांची स्वतःची, पांढरा गोल. गोल म्हणजे संशय.

"ह्याला पास बी करू नका आन् भंगारात बी टाकू नका," ते म्हणायचे. "परत माझ्याकडं आना."

एकदा एका नव्या इंजिनिअरनं मशीन लावून पास केलेल्या ड्रमवर आप्पांनी गोल काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवला, पुन्हा गोल. इंजिनिअर वैतागला. म्हणाला, "आप्पा, आता तरी काय ते ठरवा." आप्पांनी तिसऱ्यांदा वाजवला, लाल खडू घेतला आणि फुली मारली. ड्रम कापून बघितला तर आत हरभऱ्याएवढी पोकळी. आप्पांनी ना इंजिनिअरकडं बघितलं ना आमच्याकडं. डबी काढली आणि तंबाखू मळायला बसले.

ती डबी. पितळेची, दोन तोंडांची. एकीकडं तंबाखू, दुसरीकडं चुना. आप्पांचा एक नियम होता, एकट्यासाठी मळायची नाही. कायम दोघांची मळायचे. अंगठ्यानं रगडून, वरनं दोन चापट्या मारून, भुगा उडवून तळहात समोर करायचे. आपण आपली चिमूट घ्यायची, उरलेली ते खालच्या ओठात धरायचे. "एकट्यानं खाल्ली तर व्यसन," ते म्हणायचे, "दोघांनी खाल्ली तर बोलनं." कंपनीची बस कसबा बावड्यातून सुटायची. आप्पा बावड्याचेच, पहिले चढायचे, डावीकडं चौथ्या रांगेत खिडकीला बसायचे. शेजारची जागा ज्याच्याकडं त्या दिवशी काही सांगण्यासारखं असेल त्याची. कुणाची पोरगी नापास झालेली असायची, कुणाची म्हैस आटलेली, कुणाचा भावाशी बांधावरून वाद. टेंबलाई नाक्यापासून कागलपर्यंत एक चिमूट पुरायची. मी तिथं किती वेळा बसलो ते सांगत नाही. माझ्याकडं म्हैस नव्हती, पण बाकी सगळं होतं.

त्या बसमध्ये तंबाखूची एक उतरंड होती. पान तंबाखूवाले सगळ्यांत वरचे. ते मावावाल्यांना म्हणायचे, "प्लास्टिकात रगडलेली सुपारी-तंबाखू कसली खाताय? आमची नुसती पानं हायत, झाडाची." मावावाले गुटख्यावाल्यांना म्हणायचे, "आमचा डोळ्यादेखत बनतोय. तुमच्या पुडीत पाल वाटून घातली तरी कळनार न्हाय." गुटख्यावाला म्हणायचा, "मी दिवसाला दोनच खातो, तुमच्यासारखं चरत न्हाय." एक म्हातारा वॉचमन तपकीर ओढायचा आणि सगळ्यांकडं दयेनं बघत म्हणायचा, "आपलं तोंडाशी कामच न्हाय." थोडक्यात, रोग होता तो शेजारच्याच्या पुडीत. मी सर्वपक्षीय होतो. मावा स्वतःचा, तंबाखू आप्पांची, आणि घरी पोचायच्या आत बडीशेप.

आप्पांच्या बायकोची मिश्री होती. गंगव्वा. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि सकाळी उंबऱ्यावर बसून बोटानं दाताला लावायची. शेजारी आप्पा तंबाखू मळत बसलेले. तेवढंच त्यांचं दिवसभराचं बोलणं, असं आप्पा सांगायचे. "ती म्हनायची, माझी मिश्री दाताचं औषध, तुमची तंबाखू घान. मी म्हनायचो, माझं पान सोनं, तुझा नुसता कोळसा." गंगव्वाच्या हिरडीला गाठ आली. फार उशिरा दाखवली. डॉक्टरनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि चार महिन्यांत ती गेली. आप्पांच्या मनानं हिशेब केला तो असा, की तुकडा काढला म्हणून गेली.

गंगव्वा गेल्यावर वर्षभरानं मी एका सकाळी त्यांच्याकडं गेलो होतो. त्यांनी मागवलेलं तांदळाचं पोतं द्यायला. गल्लीतच मिश्री भाजल्याचा वास आला. मला वाटलं, मुलगी आली असेल. आत गेलो तर आप्पा एकटेच, गॅसवर तवा, तव्यावर चिमूटभर तंबाखू जळतीय.

"आप्पा, तुम्ही कधीपासनं मिश्री लावायला लागला?"

"लावत न्हाय," ते म्हणाले. तवा उतरवला, काळी पूड कागदावर काढली आणि मोरीत टाकली. "वास आला की घरात कोन तरी उठलंय असं वाटतंय."

मी तांदळाचं पोतं दारातच ठेवलं होतं ते उगाच आत नेऊन ठेवलं, तिथनं परत दारात आणलं. मला असल्या वेळी काय बोलायचं ते सुचत नाही, मी सामान हलवतो.

मग कॅन्टीनमध्ये तपासणीचं शिबिर झालं. एक तरुण डॉक्टर आले होते. त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, तोंड किती उघडतंय ते बघायचंय, हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घाला. चाळीसभर माणसं तोंडात बोटं घालून ओळीनं उभी. साहेब आत आले, बघितलं, आणि हा कसला नवीन संप, अशा चेहऱ्यानं बाहेर गेले. माझी दोन बोटं गेली. तिसरं मी भरल्या वडापच्या जीपमध्ये शेवटचा पॅसेंजर कोंबतात तसं कोंबून बघितलं, जाईना. डॉक्टर म्हणाले, "मावा?" मी म्हटलं, "क्वचित." ते माझ्या खिशाकडं बघत होते. पुडी वर आली होती.

आप्पांची तिन्ही बोटं गेली. त्यांनी आमच्याकडं विजयानं बघितलं. मग डॉक्टरनी बॅटरी मारून खालचा ओठ ओढला आणि आणखी वाकून बघितलं. चिमूट ठेवायच्या जागी पांढरा चट्टा होता.

"आजोबा, ह्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाहिजे. लवकर."

"पावणं," आप्पा म्हणाले, "कंचं गाव तुमचं?"

"सांगलीकडचा."

"चांगलं गाव हाय. मी तीस वर्सं कास्टिंग तपासतोय. ज्या ड्रमाचा तुकडा काढून तपासला, तो परत गाडीला लागलेला मी बघितला न्हाय. त्यो भंगारातच जातोय."

सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी समजावलं, की तुकडा काढल्यानं पसरत नाही, वेळेत कळलं तर चट्ट्यावरच निभावतं, थांबलं की अवघड होतं, आणि काही झालं तरी तंबाखू आजपासून बंद. आप्पांनी शेवटचं तेवढं मान्य केलं. "ती सोडतो," म्हणाले. "सुरी नको."

आणि खरंच सोडली. डबी घरी ठेवून आले.

इथं आम्ही जे केलं ते चांगल्या मनानं केलं, हे आधीच सांगतो, कारण पुढं सांगितलं तर कुणी ऐकणार नाही. बसमध्ये आमचं ठरलं, की आप्पांसमोर कुणी मळायचं नाही. त्यांना वास आला तर तलफ येईल. म्हणून सगळे खाणारे मागच्या सीटांवर सरकलो. आणि न खाणारे बसमध्ये मोजून तिघं, ते ड्रायव्हरच्या मागं बसायचे. आप्पांशेजारची जागा रिकामी राहिली. मागं आमचा हास्यकल्लोळ, पुढं भजन, आणि मध्ये आप्पा खिडकीबाहेर बघत. गोकुळ शिरगाव यायचं, जायचं. एकदोनदा त्यांनी मागं वळून बघितलं. आम्ही पुड्या लपवल्या आणि हात हलवला. आम्हाला वाटलं, केवढं जपतोय आपण म्हाताऱ्याला.

ह्याच दिवसांत माझ्या बायकोनं शिबिराचा कागद माझ्या पँटच्या खिशात पकडला. तिनं भांडण केलं नाही. दर रविवारी अंघोळ झाली की मला मागच्या दारी स्टुलावर बसवायची, मोबाइलची बॅटरी लावायची आणि म्हणायची, "आ करा." एका गालात बघायची, दुसऱ्या गालात बघायची, जीभ वर, जीभ खाली. आमची शेजारीण कपडे वाळत घालायला नेमकी त्याच वेळेला यायची. मी हे आप्पांना कॅन्टीनमध्ये रंगवून सांगितलं. ते खूप हसले. मग हसू थांबलं. म्हणाले, "बरं हाय की तम्मा. बघनारं कोन तरी हाय."

मी घरी हे बोललो. बायकोनं पुढच्याच रविवारी आप्पांना जेवायला बोलावलं. भाकरी, वांग्याचं भरीत, आमटी. आप्पा दोन भाकऱ्या जेवले. हात धुऊन आले तर बायको स्टूल मांडून, मोबाइल घेऊन उभी. "या आप्पा, आता तुमचा नंबर. आ करा."

आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मी बघितलं; बायकोनंही बघितलं. ते तिला धाकटी बहीण म्हणायचे कानडीत, तंगी. म्हणाले, "आज नको, तंगी. पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

तीन-चार महिन्यांनी एका सकाळी मी टेंबलाई नाक्याला बसमध्ये चढलो आणि बघितलं तर आप्पांच्या शेजारी माणूस. त्याच्या मागच्या सीटवरनं दोघं वाकलेले. मध्ये तळहात, तळहातावर अंगठा फिरतोय. डबी मांडीवर.

"आप्पा," मी म्हटलं, "हे काय?"

"जरा जराच," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता म्हणाले. "बसायला कोन यीना बाबा."

आता खरं म्हणजे मी डबी उचलून खिडकीतून भिरकावायला पाहिजे होती. नाहीतर नुसतं शेजारी जाऊन बसायला पाहिजे होतं, रोज, रिकाम्या तोंडानं. ते इतकं सोपं होतं, की आमच्या चाळीस जणांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. आप्पांनी चापट्या मारल्या, भुगा उडवला, तळहात माझ्यापुढं केला. मी चिमूट घेतली. बसमध्ये कुणीतरी म्हणालं, "आप्पा परत आले." सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं, हे लिहायला हात जड होतो.

ते रिटायर झाले. निरोपाला शाल, नारळ आणि त्यांची हातोडी क्रोम करून दिली. मी दोनदा बावड्याला जाऊन आलो; मग घराचं बांधकाम निघालं, मग मुलाची परीक्षा, मग असंच. वर्षानं कळलं की ओठाची जखम भरेना म्हणून मुलगी त्यांना ओढून दवाखान्यात घेऊन गेली. तुकडा काढलाच. तिथले डॉक्टर म्हणाले म्हणे, हे दोन वर्षांपूर्वी दाखवलं असतं तर एवढं कापावं लागलं नसतं.

आणि मग तो रविवार.

आप्पा खाटेवर बसले होते. तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. गाल एका बाजूला होता आणि एका बाजूला नव्हता. बोलता येत नव्हतं, म्हणून उशाला पाटी आणि खडू. खिडकीत पितळेची डबी होती. मुलगी म्हणाली, रिकामी आहे, टाकू देत नाहीत.

मी बोलत सुटलो. कारखान्यात कोण कोण आहे, नवीन भट्टी कशी आहे, बसचा रूट कसा बदलला. दहा मिनिटं मी एकटाच. आप्पांनी पाटी ओढली आणि लिहिलं, *बस भरते का?*

"भरते की."

*माझी जागा?*

त्या जागेवर आता कॉम्प्युटरचा एक पोरगा बसतो, कानात वायरी घालून. मी म्हटलं, "ठेवलीय आप्पा."

त्यांनी पाटी पुसली. मग लिहिलं, *आ कर.*

मला कळेना. त्यांनी पाटीवर खडूनं टकटक केलं, मुलीच्या मोबाइलकडं बोट दाखवलं. तिनं बॅटरी लावून दिली. आणि आप्पांनी माझी हनुवटी धरून माझं तोंड तपासलं. एक गाल, दुसरा गाल, जीभ वर, जीभ खाली. आमच्या मागच्या दारचा सगळा विधी त्यांच्या ध्यानात होता; मी एकदा सांगितलेला, हसण्यावारी. मग बॅटरी बाजूला ठेवली. बोटाच्या पेरानं माझ्या गालावर एक टोला दिला आणि डोळे मिटून कान जवळ आणला. पुन्हा एक टोला.

बाहेर माझ्या स्कूटरच्या डिकीत माव्याची अर्धी पुडी होती. घरी मी मावा सोडल्याचं सांगितलं होतं. रविवारच्या बॅटरीतही ती कधी सापडली नव्हती, कारण मी शनिवारी खात नसे.

आप्पांनी डोळे उघडले. माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग खडू घेतला आणि माझ्या शर्टाच्या खिशावर, जिथं पूर्वी पुडी असायची तिथं, सावकाश एक गोल काढला.

मी निघालो तेव्हा ते उंबऱ्यापर्यंत आले, भिंतीला धरून. उंबऱ्यावर बसले, डाव्या बाजूला, उजवीकडं एका माणसाची जागा सोडून. कोपऱ्यावर वळताना मी मागं बघितलं. त्यांनी हात वर केला नव्हता. मान जरा कलती करून, कान माझ्याकडं करून बसले होते.

घरी आलो. बायकोची नजर आधी खिशावर गेली. "हे पांढरं कसलं? चुना? परत सुरू केलंत?"

"खडू आहे," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. भडंगाचंही. मग बाहेर जाऊन डिकीतली पुडी आणली आणि ओट्यावर ठेवली. तिनं पुडी बाजूला सरकवली. शर्ट माझ्या अंगावरच होता. तिनं त्या गोलावर बोट न लावता वाकून बघितलं.

"गोल म्हणजे काय असतं त्यांच्यात?"

"पास नाही, भंगारही नाही. परत आणून दाखवायचं."

ती म्हणाली, "मग पुढच्या रविवारी परत दाखवून यायला पाहिजे तुम्हाला. आणि भडंग नेऊ नका. मी पातळ पेज करून देते, नळीतनं जाईल अशी."